माइलोच्या शर्टाचा तुकडा

टॉल्बी, दक्षिण मिनेसोटा
९ सप्टेंबर १९८७

प्रिय ऑरिन,

आधी तब्येतीचं, कारण तू तेच विचारतोस. बरी आहे. गुडघा दुखतो, मका चांगला आलाय, रान यंदा शेजारच्या पोरांना कसायला दिलंय. झालं. आता कामाचं.

मला हरणाच्या शिकारीसाठी बंदूक हवी आहे. रायफल घेऊ, की माइलोच्या बाराबोअरला तू गेल्या वर्षी पाठवलेली स्लगची नळी आहे तीच चालवू? जन्मभर बंदुका दुरुस्त करतोस, तेव्हा सरळ उत्तर दे, सासूसारखे दहा प्रश्न विचारत बसू नकोस. रायफलीची गोळी तीनशे पावलं नीट जाते ना, एवढंच सांग.

फोन केला असता, पण आमच्या तारेवर अजून चार घरं आहेत आणि डेल्बर्ट राउनची बायको दिवसभर रिसीव्हर कानाला लावून बसलेली असते. तिला ऐकवण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे, पण ते मी वेळ बघून ऐकवीन.

तू माइलोच्या अंत्यविधीला आलास तेव्हा गर्दीत काही बोलता आलं नाही. म्हणून आता सगळं सांगते. गेल्या नोव्हेंबरात, आठ तारखेला, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, आमच्या झाडीत हाका घातला होता. दरवर्षीसारखाच. निम्मे लोक आरडाओरडा करत झाडीतून येणार, निम्मे पलीकडच्या अंगाला बंदुका घेऊन उभे. माइलो त्याच्या नेहमीच्या जागी, पडक्या पवनचक्कीपाशी. डेल्बर्ट टेकाडापलीकडे. एक मोठा नर माइलोसमोरून गेला. माइलोने बार टाकला, नर दचकला, पण तसाच पळत टेकाडामागे दिसेनासा झाला. मग दुसरा बार ऐकू आला. सगळे धावत पोचले तर नर आडवा पडलेला आणि डेल्बर्ट त्याच्या शिंगांवर हात ठेवून उभा.

माइलो म्हणाला, "माझी लागली होती त्याला."

डेल्बर्ट म्हणाला, "भोक एकच आहे, माइलो. तुझी ढगाला लागली असेल."

पुढची रीत तुमच्याकडेही आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा खालचा भाग कापायचा, त्यावर नाव आणि तारीख घालायची आणि भिंतीवर ठोकायचा. हसायचं आणि सोडून द्यायचं. डेल्बर्टने सुरीने टराटरा कापला. ऑरिन, तो शर्ट मी शिवलेला होता. लाल-काळ्या चौकड्यांचा, आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हाचा. तो तुकडा आज लॉर्नाच्या कॅफेत भिंतीवर आहे, कॉफीच्या यंत्राच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

माइलो सगळ्यांबरोबर हसला. घरी आला, शर्ट खुंटीला लावला आणि त्यानंतर सकाळची कॉफी प्यायला लॉर्नाकडे कधी गेला नाही. "लागली होती गं," म्हणायचा. जेवताना म्हणायचा, धार काढताना म्हणायचा, एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना म्हणाला. फेब्रुवारीत दारातलं बर्फ उपसताना कोसळला. डॉक्टर म्हणतात हृदय. मी म्हणते डेल्बर्ट राउन.

यंदा पवनचक्कीपाशी मी उभी राहणार आहे. झाडी माझ्या नावावर आहे, मला कोण हाकलतंय तेच बघते.

लवकर लिही.

तुझी,
आर्डिस


नॉर्दल, उत्तर मिनेसोटा
२० सप्टेंबर १९८७

प्रिय आर्डिस,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाऊ म्हणून आणि दुसऱ्यांदा दुकानदार म्हणून. दुकानदार जास्त घाबरला.

आधी सरळ उत्तर. तुमच्या जिल्ह्यात हरणाला रायफल चालत नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तुमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट. रायफलीची गोळी चुकली तर मक्यावरून जाईल, रस्ता ओलांडील आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरेल. आमच्याकडे इतकी झाडं आहेत की पुढच्याच खोडात अडकते. म्हणून तिकडे बाराबोअर आणि स्लग. एकच जाड शिशाचा गोळा, शंभर पावलांपर्यंत इमानदार, त्यापुढे त्याचा भरवसा नाही.

माइलोला मी पाठवलेली नळी साधी नाही. तुमच्याकडच्या सगळ्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. त्या नळीला आतून रायफलीसारखे पीळदार खाचे आहेत. गोळी गरगरत निघते आणि सरळ जाते. तिची काडतुसंही वेगळी, मीच पाठवली होती. लांब नळी काढ, पुढची टोपी फिरव, आखूड नळी बसव. दस्ता खांद्यात घट्ट धर, नाहीतर गालावर असा गुच्चा बसेल की चर्चमधल्या बायका तुझ्या चारित्र्यावर बोलतील.

आता दहा नाही, एकच प्रश्न विचारतो. तीनशे पावलांवर काय आहे? हाक्यातलं हरीण साठ पावलांवरून जातं, तीनशे पावलांवर उभं राहून तुझी वाट बघत नाही. आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे डेल्बर्टचं आवार दिसतं, हे मी विसरलेलो नाही.

तसंही माझ्याकडे सध्या एकही रायफल शिल्लक नाही. सगळ्या दुरुस्तीला आल्यात.

माइलो भला माणूस होता. त्याला हे आवडलं नसतं असं लिहिणार होतो, पण तू पत्र चुलीत घालशील म्हणून लिहीत नाही.

तुझा,
ऑरिन


टॉल्बी
३ ऑक्टोबर १९८७

ऑरिन,

हरणाच्या मोसमाच्या तोंडावर ज्याच्याकडे रायफल नाही असा बंदूकवाला उभ्या मिनेसोटात तू एकटाच. लहानपणी जॅमची बरणी फोडून मांजराचं नाव घेतलं होतंस, तेव्हाही असाच गंभीर चेहरा केला असशील.

मी डेल्बर्टला गोळी घालणार नाही. हे तुला लिहून द्यावं लागतंय याचा मला राग येत नाही, कारण मार्चमध्ये दोन रात्री माझ्या मनात तेच होतं. खोटं कशाला बोलू? खिडकीत उभी होते, तो अंगणात ट्रॅक्टरखाली वाकला होता. मग मी भांडी घासली. आता ते डोक्यात नाही.

पण तीनशे पावलांवर काय आहे ते विचारलंस, तर ऐक. डेल्बर्टने त्याच्या कुंपणापाशी हरणांना चाटायला मिठाचा ठोकळा ठेवलाय. संध्याकाळी तिथे एक नर येतो, अशी शिंगं तू तुझ्या जंगलातही पाहिली नसशील. एक कान फाटलेला आहे. मी त्याला कानफाट्या म्हणते. डेल्बर्ट वसंतापासून डोळ्यांत तेल घालून त्याला जपतोय, गावभर त्याची वर्णनं करत फिरतोय. मला तो मोसमाआधी, रायफलीने, माझ्या सिंकपाशी उभं राहून आडवा करायचाय. मांस नको, शिंगं नकोत. सकाळी उठून तो कुंपणापाशी जाईल तेव्हाचं त्याचं तोंड मला खिडकीतून बघायचंय.

आधी मी नीट मार्गाने गेले होते, हेही लिहिते, म्हणजे तू मला उपदेश करणार नाहीस. सोमवारी लॉर्नाच्या कॅफेत गेले. सकाळची मंडळी बसली होती, डेल्बर्ट, त्याचे दोन जावई आणि आपला व्हर्जिल हासे. मी म्हटलं, "डेल्बर्ट, माइलो गेला. तो तुकडा आता उतरव, मला घरी न्यायचाय."

तो म्हणाला, "आर्डिस, नियम तुला माहीत आहे. ज्याचा तुकडा त्यानेच त्याच जागेवरून हरीण पाडायचं, मग उतरतो."

"तो कसा पाडणार?"

"तेच तर. मी तरी काय करू? नियम मी नाही केले."

जावई हसले. लॉर्ना कॉफी ओतता ओतता थांबली. व्हर्जिल म्हणाला, "जाऊ दे रे डेल्बर्ट, देऊन टाक." तर डेल्बर्ट म्हणतो, "आज एकाचा दिला की उद्या सगळ्यांच्या बायका रांगेत उभ्या राहतील." ऑरिन, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी माझी कॉफी संपवली, एक डोनट खाल्ला, आणि पैसे ठेवून बाहेर पडले.

आणि वर मानभावीपणा बघ. जूनमध्ये त्याच्या मुलीने, जॅनेलने, त्याच्या वाढदिवसाला तो गेल्या वर्षीचा नर मढवून आणला. मुंडकं, शिंगं, खाली चकचकीत लाकडी पाटी. पाटीवर पितळी अक्षरांत बापाचं नाव. त्याच्या खाली काचेच्या डबीत ती गोळी, खाटकाला मांस कापताना खांद्याच्या हाडात अडकलेली सापडली होती. सगळं कॅफेत लावलंय, माइलोच्या तुकड्यापासून दोन हातांवर. डेल्बर्ट म्हणे, "पोरी, गोळी काढ, बरं दिसत नाही ते." पोरगी म्हणाली, "अजिबात नाही डॅडी, तीच तर खरी शोभा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तो रोज त्या मुंडक्याकडे पाठ करून बसतो. केवढी ती नम्रता! मला त्याच्या कॉफीत थुंकावंसं वाटतं.

मी मात्र ती गोळी बघत बसले होते. मेलं मरणसुद्धा माझ्या शिवणाच्या डब्यातून बाहेर आल्यासारखं दिसतं. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये आवळलेली, दोऱ्याच्या छोट्या रिळासारखी. एक टोक जरा चेपलंय.

तू पाठवलेल्या नळीने मी सराव चालू केलाय. शंभर पावलांवर ॲपल पायचं पत्र्याचं ताट टांगते. काल पाचातल्या तीन लागल्या. खांदा वांग्याच्या रंगाचा झालाय. चांगली आहे नळी, पण तीनशे पावलं जात नाही. रायफल पाठव.

आर्डिस


नॉर्दल
९ ऑक्टोबर १९८७

प्रिय आर्डिस,

घाईत लिहितोय. डबीतली ती गोळी पुन्हा एकदा बघशील का? बाहेरून तिरक्या रेघा आहेत, आत पोकळ, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी आहे का? की तू लिहिलंस तशी खरोखरच रिळासारखी, मध्ये आवळलेली? जमलं तर कागदावर काढून पाठव.

डेल्बर्ट कुठली बंदूक वापरतो? गावात माइलोसारखी पीळदार नळी अजून कुणी घेतली होती का?

का विचारतोय ते विचारू नकोस. सहज विचारतोय. कानफाट्याला हात लावू नकोस, मोसमाआधीची ती चोरटी शिकार आहे.

ऑरिन


टॉल्बी
१९ ऑक्टोबर १९८७

ऑरिन,

तुला सहज काही विचारता येत नाही. तू सहज विचारायला लागलास की समजावं, घरात काहीतरी फुटलंय.

चित्र सोबत आहे. कॅफे रिकामं असताना लॉर्नाने डबी खाली काढून दिली, मी कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवली. रीळच आहे. अंगुस्तान नाही.

डेल्बर्टची बंदूक म्हणजे त्याच्या बापाची जुनी बाराबोअर, आतून काचेसारखी गुळगुळीत. गेल्या वर्षी माइलोने तुझी नळी दाखवली तेव्हा तो कॅफेत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ज्याच्या हाताला नेम नाही त्याच्या नळीला पीळ लागतो." किती दिवस लोक तेच म्हणत माइलोला चिडवत होते. आख्ख्या टॉल्बीत तशी नळी दुसऱ्या कुणाकडे नाही. डेल्बर्टने असं म्हटल्यावर घेणार कोण?

चित्र काढून घरी आले आणि स्वयंपाक करता करता थांबले. माइलोच्या कपाटात तुझ्या काडतुसांचा डबा होता. गेल्या वर्षी त्यातलं एकच उडालं होतं, बाकीची मी सरावाला वापरत होते. एक काडतूस घेतलं, टेबलावर धरलं आणि शिवण उसवायच्या पात्याने हळूहळू कापलं. दारू बशीत सांडली. मग प्लास्टिकच्या दोन खापा निघाल्या. त्या उघडल्या.

आत रीळ होतं.

बटाटे करपले. लागली होती, ऑरिन. तो सांगत होता तसंच झालं होतं. मी त्याला "हो रे, लागली असेल" म्हणायचे, जसं आजारी मुलाला म्हणतो तसं. माझाही विश्वास नव्हता त्याच्यावर. हे मी त्या डेल्बर्टला कधी माफ करणार नाही, की त्याने मलासुद्धा त्याच्या बाजूला नेऊन बसवलं.

आणि तो पाठ करून का बसतो तेही आता कळलं. त्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तुलाही माहीत होतं. माझं तिसऱ्या तारखेचं पत्र वाचलंस तेव्हाच ओळखलंस आणि मला चित्र काढायला लावलंस. तुझ्याशी मी नाताळात भांडेन, आत्ता वेळ नाही.

आता कानफाट्या पुरत नाही मला. मला डेल्बर्टचं सगळं हवं आहे. त्याचं नाव, त्याची खुर्ची, ती पितळी अक्षरं. आधी त्याचा नर पाडीन, मग त्याच्या बैठकीच्या खिडकीतून त्या चकचकीत टीव्हीत एक गोळी घालीन, आणि कुणी केलं ते त्याला आयुष्यभर कळणार नाही. रायफल पाठव. नाही पाठवलीस तर हार्डवेअरच्या दुकानात मागवीन.

आर्डिस


नॉर्दल
२४ ऑक्टोबर १९८७

प्रिय आर्डिस,

हो, ओळखलं होतं. आणि घाबरलो म्हणून गप्प बसलो. आपल्या बापाने शेजाऱ्याच्या बैलावरून भांडण काढलं होतं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू मला पलंगाखाली लपवलं होतंस. तुझ्या पत्रातलं अक्षर बापाच्या आवाजासारखं वाटायला लागलं, म्हणून गप्प बसलो.

माझ्याकडे सहा रायफली आहेत. आत्ता समोर भिंतीला टेकून उभ्या आहेत. एकही पाठवणार नाही.

का ते ऐक, मग हवं तर हार्डवेअरच्या दुकानात जा. तू विचारलं होतंस, रायफल की स्लगची नळी. मी तुला अंतराचं उत्तर दिलं, कारण गिऱ्हाइकाला तेच देतो. रायफल लांबून काम करते. मारणारा कोण ते मरणाऱ्यालाही कळत नाही. खिडकी फुटली की डेल्बर्ट गावातल्या पोरांना शिव्या देईल आणि नवा टीव्ही आणील. नर मेला तर चोरट्या शिकाऱ्यांच्या नावाने बोंब मारील आणि लोक येऊन त्याचं सांत्वन करतील. सांत्वन, आर्डिस! डेल्बर्टचं! तुला ते चालणार आहे का?

स्लगला जवळ जावं लागतं. समोर उभं राहावं लागतं, सगळ्यांना दिसेल असं. माइलोचा तुकडा सगळ्यांसमोर कापला होता ना? मग हेही सगळ्यांसमोर व्हायला हवं.

सोबत पाच काडतुसं पाठवतोय, तीच, रिळाची. परवाना काढ, केशरी जाकीट घाल, पवनचक्कीपाशी उभी राहा. तुझ्यासमोर काय येईल ते मला सांगता येत नाही. काहीच आलं नाही तरी ती डबी भिंतीवर आहे आणि कापलेलं काडतूस तुझ्या टेबलावर आहे. पण हरीण पाडून गेलीस तर तुझं बोलणं कुणाला खोडता येणार नाही. तिथल्या लोकांना मी ओळखतो.

मी येऊ का?

तुझा,
ऑरिन


टॉल्बी
९ नोव्हेंबर १९८७

प्रिय ऑरिन,

येऊ नकोस म्हणून कार्ड टाकलं होतं ते पोचलं असेलच. तू आला असतास तर सगळे म्हणाले असते, भावाने केलं.

शनिवारी पहाटे मी माइलोचं जाकीट घालून पवनचक्कीपाशी जाऊन उभी राहिले. मंडळी जमली तेव्हा डेल्बर्ट, हाक्याचा कप्तान म्हणून, हाताखालच्या लोकांना जागा वाटून देत होता. मला बघून थबकला. "आर्डिस, बायकांनी हाक्यात चालावं, उभं राहू नये."

मी म्हटलं, "झाडी माझी आहे. मी उभी राहिले नाही तर कुणीच उभं राहणार नाही."

व्हर्जिल हासे हसायला लागला आणि झाडीत चालता झाला. डेल्बर्ट टेकाडापलीकडे त्याच्या जागी गेला. थंडी अशी होती की नाकातले केस ताठ झाले होते. हाका सुरू झाला, दोन माद्या माझ्या समोरून गेल्या, त्यांना जाऊ दिलं. मग टेकाडामागे बार झाला. लगेच दुसरा. मला वाटलं, संपलं. यंदाही तोच.

आणि टेकाडावरून कानफाट्या आला. अंगावर एक ओरखडा नाही. गेल्या वर्षी माइलोकडून डेल्बर्टकडे गेला होता तो नर, आणि हा डेल्बर्टकडून माझ्याकडे. दीडशे पावलांवर दिसला तेव्हाच माझं बोट चापावर गेलं. हातात रायफल असती तर मी तिथेच चाप ओढला असता आणि चुकले असते. नळी तुझी होती म्हणून थांबावं लागलं. तो येत राहिला, मला त्याचा श्वास दिसायला लागला. त्या जनावरावर माझा काही राग नव्हता. ते त्याला सांगावंसं वाटलं. साठ पावलांवर तो वळला, खांदा दिसला, आणि मी बार टाकला. चार उड्यांत पडला.

सगळे धावत आले. डेल्बर्ट सगळ्यांत शेवटी आला. हसून म्हणाला, "छान! नवख्याचं नशीब." व्हर्जिलने माझ्या अंगणात कातडं सोललं. पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली, ती धुऊन मी एप्रनच्या खिशात टाकली.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे लॉर्नाकडे. बायकामुलं, पाद्रीसुद्धा. डेल्बर्टचे दोन बार सगळ्यांनी ऐकले होते, तेव्हा त्याचा शर्ट कापायचा हे ठरलेलंच होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यानेच हसत हसत शर्ट बाहेर काढला. "कोण कापणार?"

व्हर्जिल म्हणाला, "जो नर सुटला तो जिने पाडला ती."

मी पिशवीतून माझी कापड कापायची मोठी कात्री काढली. लोक हसले. डेल्बर्ट पाठमोरा उभा राहिला आणि मी कापला, सरळ रेषेत, एकही धागा न निघता. त्याने सुरीने फाडला होता, मी शिवणाऱ्या बाईसारखा कापला. तुकडा टेबलावर पसरला, लॉर्नाकडून पेन घेतलं आणि लिहिलं: डेल्बर्ट राउन, ८ नोव्हेंबर १९८६.

त्याचा धाकटा जावई वाकून बघत होता. "काकू, साल चुकलं तुमचं. सत्याऐंशी आहे. आणि काल सात तारीख होती."

मी म्हटलं, "नाही चुकलं."

मग पिशवीतून माझी गोळी काढून तुकड्यावर ठेवली. कापलेल्या काडतुसातली तिच्या शेजारी ठेवली. मग लॉर्नाला म्हटलं, ती काचेची डबी दे. तिने दिली. ती तिसरी. तीन रिळं एका रांगेत, दोन जराशी चेपलेली.

पुरुष एकेक करून पुढे येत होते, वाकून बघत होते, आणि मागे होत होते. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी जन्मभर गुळगुळीत नळ्यांतून अंगुस्तानंच उडवली आहेत. शेवटी व्हर्जिलने विचारलं, "डेल्बर्ट, तुझी नळी तर गुळगुळीत आहे ना?"

जॅनेल बापाकडे बघत होती. तिची मला दया आली, हे खरं आहे, पण मी गोळ्या उचलल्या नाहीत.

डेल्बर्ट म्हणाला, "तो येता येताच कोसळला माझ्यापुढे. मी बार टाकला तो त्याच्या मागच्या मातीत गेला. तुम्ही सगळे धावत आलात, म्हणालात, कप्तान, मारलंस! मी फक्त नाही म्हटलं नाही."

मी म्हटलं, "माझा नवरा तीन महिने नाही म्हणत होता. त्याचं कुणी ऐकलं?"

पाद्री काहीतरी बोलायला उठले, त्यांच्या बायकोने त्यांना खाली बसवलं. व्हर्जिल खुर्चीवर चढला, माइलोचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. त्याच खिळ्यावर मी डेल्बर्टचा लावला. धाकटा जावई हळूच म्हणाला, "तारीख तरी बदला, काकू." तेव्हा डेल्बर्टने स्वतःच मान हलवली. "राहू दे," म्हणाला. "बरोबर आहे."

आणि मग त्याने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. आज सकाळी गेले तेव्हाही तसाच बसला होता. लॉर्ना सांगत होती, कुणी त्याच्याजवळ बसलं नाही.

दुपारी तो मढवलेलं मुंडकं ट्रकमध्ये घालून माझ्या ओसरीवर ठेवून गेला. पितळी अक्षरं उचकटून काढली होती. दार वाजवलं, मी उघडलं नाही. तो बराच वेळ थंडीत उभा होता, टोपी हातात घेऊन. मी पडद्याआडून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. तू म्हणशील, आर्डिस, आता पुरे. मला अजून पुरे झालेलं नाही. झालं की कळवीन.

माइलोचा शर्ट खुंटीवरून काढलाय. तुकडा त्याला जोडायला घेतलाय, पण सुरीने फाडल्यामुळे कडा विसविशीत झाल्यात, दुहेरी शिवण घालावी लागेल. अर्ध्यावर आले आणि लाल दोरा संपला. आमच्या दुकानात मिळतो तो फिका आहे, उठून दिसेल.

नाताळात येशील तेव्हा गडद लाल दोऱ्याचं एक रीळ घेऊन ये. भांडण मी विसरलेले नाही.

तुझी,
आर्डिस